विंडोज १० वरून विंडोज ११ : घर, दुकान आणि छोट्या कार्यालयासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून कर सल्लागारांची कार्यालये, शाळा, छापखाने, पतसंस्था आणि घरोघरचे लॅपटॉप या सगळीकडून तेच प्रश्न येत आहेत. ज्यांच्या संगणकावर रोजचे पोट अवलंबून आहे आणि ज्यांच्याकडे पगारी तंत्रज्ञ नाही, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. अपग्रेडचे बटण दाबणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. काम बिघडते ते आधी काय तपासले नाही त्यावरून, म्हणून इथे भर त्या तयारीवरच आहे.

विंडोज १० आता चालायचे बंद होणार का?

नाही. संगणक रोजच्यासारखा सुरू होईल, फाइली उघडतील, प्रिंट निघेल. थांबले आहे ते दर महिन्याला येणारे सुरक्षेचे अपडेट. एखादी नवी फट सापडली की विंडोज ११ मध्ये ती बुजवली जाते. विंडोज १० मध्ये ती उघडीच राहते, आणि चोरांना ती नेमकी कुठे आहे हेही कळलेले असते. डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण अँटिव्हायरस म्हणजे बुजवलेली फट नव्हे. दोन्ही लागतात.

त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही आधार संपला. हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही. विंडोज नवे आणि वर्ड-एक्सेल जुने, अशी अर्धी दुरुस्ती करून थांबू नका.

मग आजच्या आज करायला हवे का?

ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार, जीएसटी किंवा दुसऱ्यांची कागदपत्रे हाताळली जातात, तो बिनअपडेटचा इंटरनेटवर ठेवू नये. पण घाईने अपग्रेड करण्यापेक्षा मधला रस्ता बरा. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट देण्याची योजना काढली आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. संगणकावर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असली पाहिजे. 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये नावनोंदणीचा दुवा दिसतो. तीन पर्याय आहेत : मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये एकदाच. एका खात्यावर दहापर्यंत संगणक नोंदवता येतात.

फुकटचा पर्याय घेताना एक जपा. सेटिंग्जच्या बॅकअपबरोबर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही वनड्राइव्हवर जाऊ लागले, तर तिथली फुकट मिळणारी ५ जीबी जागा बघता बघता भरते. ते फोल्डर वगळून नुसत्या सेटिंग्ज ठेवता येतात.

सर्व्हर-डोमेनला, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्याला, जोडलेल्या संगणकांना ही योजना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी, सशुल्क योजना आहे. पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. बहुतेक छोट्या कार्यालयांनी तो पैसा नव्या यंत्रात घालावा, असे माझे मत आहे.

संगणक बिनअपडेटचा न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी होते. संगणक सुरू होताना खरेच अस्सल विंडोज सुरू होते आहे ना, हे सिक्युअर बूट तपासते. त्यासाठीची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात. ज्या संगणकाला अपडेटच मिळत नाहीत, त्याला तीही मिळणार नाहीत.

माझ्या संगणकावर विंडोज ११ चालेल का?

मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे छोटे ॲप उतरवून घ्या. ते सरळ हो की नाही सांगते, आणि नाही असेल तर कशामुळे, तेही. अटी अशा : दोन किंवा अधिक कोअरचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट, टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप).

गाडी अडते ती बहुधा प्रोसेसरवर. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा : आय५-८२५०यू ही आठवी पिढी, आय५-७२००यू ही सातवी. एएमडी रायझेनमध्ये ढोबळमानाने २००० मालिकेपासून पुढे, पण त्यातली सगळी मॉडेल्स नाहीत. त्यामुळे तिथे मायक्रोसॉफ्टची यादीच पाहावी.

४ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ बसते, पण वापरणारा वैतागतो. एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. हा खर्च अपग्रेडच्या आधी केला तर अपग्रेडचाही वेळ वाचतो.

'टीपीएम नाही' असे येते. संगणक तर २०१९ मध्ये घेतला आहे.

बहुतेक वेळा टीपीएम असते, फक्त बंद असते. जुलै २०१६ नंतर विंडोज १० घालून विकायच्या नव्या संगणकांत टीपीएम २.० असावे अशी मायक्रोसॉफ्टची अट होती, त्यामुळे कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ते सहसा चालू सापडते. दुकानात सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकात ते मदरबोर्डवर असूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. संगणक सुरू होताना डिलीट, एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसमध्ये जाऊन ते चालू करायचे.

थांबा. बायोसला हात लावण्याआधी खालचा बिटलॉकरचा प्रश्न वाचा, मगच पुढे जा.

सिक्युअर बूटचेही तसेच. 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'पुढे काय लिहिले आहे ते पाहा. 'लेगसी' असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. ती जीपीटी पद्धतीची करावी लागते आणि विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे. डेटा न घालवता ते बदल करते, पण डिस्कच्या मुळाशी जाऊन करते. बॅकअप हातात असल्याशिवाय, आणि या कामाची सवय असलेला माणूस शेजारी असल्याशिवाय ते चालवू नका.

प्रोसेसर यादीत नाही. 'काहीतरी करून' विंडोज ११ बसवून देतो असे दुकानदार म्हणतो. टाकू का?

अटी टाळून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतात. पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. आज मासिक अपडेट येतातही, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती दर वेळी हाताने टाकावी लागते. २४एच२, म्हणजे विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती, तिच्यापासून तर खूप जुने प्रोसेसर कायमचेच बाद झाले. त्यात लागणाऱ्या काही सूचना कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरला समजतच नाहीत, आणि त्यावर कोणतीही युक्ती नाही.

मुलाच्या अभ्यासाच्या जादा लॅपटॉपवर हवे तर करून पाहा. ज्यात लोकांच्या ठेवींचा किंवा करांचा हिशेब आहे, त्यावर करू नका.

पैसे किती लागतात?

अस्सल, ॲक्टिव्हेट झालेले विंडोज १० असेल तर काहीच नाही. होमवरून होम, प्रोवरून प्रो. परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, त्यामुळे नवी की टाकावी लागत नाही. विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या कीवर फुकट ॲक्टिव्हेशन मिळण्याची वाट मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली.

'क्रॅक' मारलेले विंडोज असेल तर हीच ते सोडायची वेळ आहे. ॲक्टिव्हेशनची ती साधने चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्यातून नेमके काय आत आले हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. अशा यंत्रावर नेट बँकिंग करणे धोक्याचे आहे.

अपग्रेड करावे की फॉरमॅट मारून नवे टाकावे?

अपग्रेडमध्ये फाइली, सॉफ्टवेअर, फॉन्ट, प्रिंटर सगळे जागच्या जागी राहते. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह कोरा होतो. दुकानात सोपवलेल्या संगणकाला बऱ्याचदा फॉरमॅटच मिळतो, कारण तंत्रज्ञाला तो सरळ पडतो. 'डेटा डी ड्राइव्हला आहे ना?' एवढे विचारून काम सुरू होते, आणि डेस्कटॉपवरच्या फाइली, आउटलुकचा मेल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळे सीवर असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझा सल्ला : संगणक धड चालत असेल तर अपग्रेडच करा. व्हायरसने ग्रासलेला किंवा 'क्रॅक'चा असेल, तरच फॉरमॅट. आणि एक सक्तीची जागा आहे. विंडोज १० ३२-बिट असेल तर ११ ला अपग्रेड होतच नाही, कारण ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. तिथे नव्यानेच टाकावे लागते.

अपग्रेडच्या आधी काय काय जपून ठेवायचे?

बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फाइली उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये.

फाइली सगळ्यांनाच आठवतात. विसरतात त्या पुढच्या गोष्टी. टॅलीचा डेटा फोल्डर नेमका कुठे आहे? सॉफ्टवेअर उघडून त्याचा पत्ता बघा, अंदाजावर जाऊ नका. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल. बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस, जो बऱ्याचदा डॉक्युमेंट्समध्ये नसून त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये दडलेला असतो. सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर. ब्राउझरमधले पासवर्ड. प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक आणि तो कोणत्या ईमेलवर घेतला होता, ते. हा ईमेल पूर्वीच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाचा निघाला, तर ते आधीच कळलेले बरे.

मग मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड. लोक वर्षानुवर्षे चार आकडी पिनने आत जातात आणि पासवर्ड विसरतात. तो पिन त्या यंत्रातल्या टीपीएमशी बांधलेला असतो. टीपीएम पुसले गेले की पिन निकामी होतो आणि पासवर्ड मागितला जातो. आजच फोनवरून त्या खात्यात पासवर्डने शिरून पाहा. पासवर्ड बदलायचा झाला तर कोड ज्या मोबाइल क्रमांकावर जाईल, तो क्रमांक अजून तुमच्याकडेच आहे ना, हेही.

बिटलॉकर म्हणजे काय आणि त्याची इतकी भीती का घालता?

बिटलॉकर डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद करतो, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला फाइली वाचता येत नाहीत. चांगली सोय आहे. होम आवृत्तीत तिला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. पण ती आपल्या यंत्रात चालू आहे हेच अनेकांना माहीत नसते, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर ती कित्येक लॅपटॉपांत आपोआप चालू होते. २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये तर आणखी जास्त यंत्रांवर.

बायोस अपडेट केला, टीपीएम किंवा सिक्युअर बूटमध्ये फेरफार केला, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा गेला. कोणी तंत्रज्ञ, कोणी कंपनी तो परत काढून देऊ शकत नाही. काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ही की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात, उपकरणांच्या यादीत असते. ते खाते मुलीचे, भाच्याचे किंवा लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या विक्रेत्याचेही असू शकते. की शोधा, कागदावर लिहा, तो कागद घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. बायोसमध्ये बदल करण्याआधी बिटलॉकर तात्पुरते थांबवा (प्रो आवृत्तीत ते 'कंट्रोल पॅनल'मधून होते). बदल झाल्यावर ते परत चालू करता येते.

अपग्रेड कोणत्या दिवशी करावे?

ज्या दिवशी संगणक दोन दिवस बंद राहिला तरी चालेल, अशा दिवशी. कर सल्लागारांच्या कार्यालयात महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा, कारण जीएसटीआर-१ आणि ३बी च्या मुदती तिथे असतात. मार्चअखेर तर नकोच. शनिवारी दुपारनंतर सुरू केले की रविवार हाताशी राहतो. कार्यालयात पाच संगणक असतील तर सगळे एकदम करू नका. सर्वांत कमी महत्त्वाचा आधी, मग आठवडाभर थांबून पुढचे.

वीज जाण्याची शक्यता असेल तर डेस्कटॉप यूपीएसवर घ्या आणि त्या यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकते ते आधी पाहा. लॅपटॉपचा चार्जर लावलेलाच ठेवा.

आमच्याकडे फक्त मोबाइलचे इंटरनेट आहे, रोजच्या दीड जीबीचे.

विंडोज ११ ची फाइल काही जीबींची असते, त्यामुळे रोजच्या डेटावर हे होणार नाही. जिथे ब्रॉडबँड आहे तिथे 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर ती घ्या. त्या पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून रिकामा वापरा. मग विंडोज १० सुरू असतानाच पेनड्राइव्ह उघडून 'सेटअप' चालवा. फाइली आणि ॲप्स ठेवायचा पर्याय तिथेच मिळतो. एका पेनड्राइव्हवर गावातल्या शाळेचे सगळे संगणक होतात. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू मात्र करू नका. तो रस्ता फॉरमॅटकडे जातो.

किती वेळ लागतो? मध्येच अडकले तर?

एसएसडीवर दीड-दोन तास धरून चाला, जुन्या हार्ड डिस्कवर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. यंत्र अनेकदा बंद होऊन सुरू होईल आणि टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबलेली दिसेल. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. बटण दाबून बंद करू नका.

अपग्रेड फसले तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःहून मागे येते आणि जुने १० जसेच्या तसे उघडते. अशा वेळी सी१९००१०१ ने सुरू होणारा एरर कोड दिसला, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे जोडलेले भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घ्या. प्रिंटर, डोंगल, वेबकॅम, बाहेरच्या डिस्क असे सगळे काढा, फक्त की-बोर्ड आणि माउस ठेवा, दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस काढून टाका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा करा आणि पुन्हा चालवा. 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन' अपडेट करता आले नाही असा संदेश आला, तर सुरुवातीची १०० एमबीची छोटी जागा भरली आहे. हे घरच्या घरी दुरुस्त करण्याचे काम नाही.

'विंडोज अपडेट'मध्ये ११ दिसतच नसेल आणि 'पीसी हेल्थ चेक' मात्र हो म्हणत असेल, तर तुमच्या यंत्रातल्या एखाद्या ड्रायव्हरमुळे मायक्रोसॉफ्टने ते तात्पुरते रोखलेले असू शकते. २४एच२ च्या वेळी काही असुस लॅपटॉप आणि काही वेस्टर्न डिजिटल एसएसडी असेच रोखले होते. तेव्हा जबरदस्तीने टाकलेल्यांना निळ्या पडद्याचा त्रास झाला. थांबा, दुरुस्ती आली की ते आपोआप दिसते.

टॅली, डिजिटल सही आणि आधारचे अंगठ्याचे यंत्र चालेल का?

टॅलीप्राइम चालते. साध्या अपग्रेडमध्ये बहुधा काही करावे लागत नाही. फॉरमॅट करणार असाल तर आधी टॅलीमधून परवाना 'सरेंडर' करा. यंत्र कोरे झाल्यावर तेच काम करायला ग्राहकसेवेकडे जावे लागते.

डिजिटल सहीची भीती अनाठायी आहे. सहीची गुप्त किल्ली संगणकात नसते, त्या यूएसबी टोकनमध्येच असते, त्यामुळे विंडोज बदलले म्हणून सही जात नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठीचे एमसायनर पुन्हा टाकावे लागू शकते, एवढेच. ड्रायव्हर टोकनवर छापलेल्या कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा, आणि टोकनचा पासवर्ड पाठ आहे याची खात्री करा. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला तर टोकन कुलूपबंद होते, आणि तो ताप अपग्रेडपेक्षा मोठा.

एखादी जुनी सरकारी साइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर विंडोज ११ मध्ये तो नाही. त्याऐवजी एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे आश्वासन मायक्रोसॉफ्टने दिले आहे.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारच्या व्यवस्थेशी जोडणारे सॉफ्टवेअर) विंडोज ११ साठी उपलब्ध आहे का, हे यंत्राच्या कंपनीकडून आधी पक्के करावे. एक दिवस केंद्र बंद राहिले तर वृद्धांना हेलपाटा पडतो, म्हणून हे दुसऱ्या संगणकावर आधी चालवून पाहाच.

मराठी टायपिंगचे आणि फॉन्टचे काय होते?

अपग्रेड केले तर की-बोर्ड तसाच राहतो. नव्याने टाकले तर 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी लागते. त्यात दोन सोयी मिळतात : इनस्क्रिप्ट, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून आलेला 'मराठी फोनेटिक', ज्यात रोमन अक्षरे टंकली की देवनागरी शब्द सुचवले जातात. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. त्यामुळे गूगल इनपुट टूल्सची जुनी फाइल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवू नका. गूगलने विंडोजसाठीची ती फाइल केव्हाच काढून घेतली आहे. आज फिरते आहे ती कोणी कोणी परत चढवलेली.

फॉन्टची गंमत नीट समजून घ्या. विंडोजमध्ये देवनागरीसाठी कायम असतो तो निर्मला यूआय. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या वेगळ्या गठ्ठ्यात आहेत. मराठी भाषा जोडली की ते येतात, नाहीतर 'ऑप्शनल फीचर्स'मधून घ्यावे लागतात. फॉरमॅटनंतर जुन्या शासकीय पत्रांचे नमुने अचानक वेगळे दिसू लागले, ओळी खाली-वर झाल्या, पान वाढले, अशी तक्रार असेल तर आधी हे पाहा. मजकूर बिघडलेला नसतो, मंगल गैरहजर असतो.

श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळीकडे एकच चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या आधीच्या) फॉन्टमधल्या फाइलींचे तसे नाही. तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट फोल्डरची प्रत जपा आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, हे त्याच्या विक्रेत्याला विचारा. काही डीटीपी सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालते. त्या लॉकचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हा पहिला प्रश्न.

छापखान्यांना कळकळीची विनंती आहे. अजूनही कितीतरी ठिकाणी लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक पेजमेकर ७ वर जुळवले जातात. ते सॉफ्टवेअर २००१ चे आहे. ते यंत्र अपग्रेड करू नका. त्याचे इंटरनेट तोडा, त्याला फक्त जुळणीसाठी ठेवा, मेल आणि बँक दुसऱ्या संगणकावर न्या, आणि नवे काम युनिकोडमध्ये सुरू करा. जुने अंक पुन्हा छापायची वेळ येते तेव्हा तेच यंत्र उपयोगी पडते.

आमच्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर डॉसवरचे आहे.

३२-बिट विंडोज १० वर १६-बिट डॉस प्रोग्राम चालत होते. ६४-बिट विंडोजवर, म्हणजे ११ वर, चालत नाहीत. डॉसचे फॉक्सप्रो त्यात आले. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मात्र ३२-बिट आहे आणि ११ वर चालते. डॉसबॉक्ससारख्या साधनात जुना प्रोग्राम चालवून जुन्या नोंदी पाहता येतात. पण सभासदांच्या ठेवींचे रोजचे व्यवहार त्यावर ठेवणे मला पटत नाही. नव्या सॉफ्टवेअरवर नोंदी हलवून, दोन्हीकडचे ताळेबंद जुळवून, मगच जुने यंत्र बाजूला करा. हे अपग्रेडचे नव्हे, काही महिन्यांचे काम आहे.

अपग्रेडनंतर प्रिंटर आणि दुसऱ्या संगणकावरचा शेअर फोल्डर दिसत नाही.

प्रिंटरसाठी कंपनीचा ६४-बिट ड्रायव्हर नव्याने टाका. सेटिंग्जमध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' चालू केला असेल तर बंद करा. तो चालू असताना कंपन्यांचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत.

शेअर फोल्डरचे कारण वेगळे आहे. दोन-तीन संगणकांच्या दुकानात एका संगणकावरचा फोल्डर बिनपासवर्डचा उघडा ठेवण्याची रीत आहे. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ पासून असा पाहुणा प्रवेश बंद आहे आणि दोन संगणकांतल्या देवाणघेवाणीवर ओळख पटवणारी खूण ('सायनिंग') सक्तीची आहे. जुन्या राउटरला लावलेली हार्ड डिस्कही यात अडकते. सुरक्षा सैल करण्याचे व्हिडिओ पाहू नका. ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेला एक वापरकर्ता तयार करा, फोल्डर त्याला शेअर करा आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच नावाने आत शिरा. एकदा 'लक्षात ठेव' म्हटले की रोज विचारत नाही.

घरच्या ज्येष्ठांना नवे रूप जड जाईल का?

दोन दिवस. स्टार्ट बटण मध्यभागी आलेले असते, ते टास्कबारच्या सेटिंग्जमधून डावीकडे नेता येते. उजव्या क्लिकनंतर जुनी लांब यादी हवी असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स'. वर्डपॅड २४एच२ पासून नाही. त्यातल्या फाइली वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये उघडतात.

नाही पटले तर परत विंडोज १० वर जाता येते?

दहा दिवसांत. 'सिस्टिम'मधल्या 'रिकव्हरी'त 'गो बॅक' आहे. फाइली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात. त्यासाठी लागणारे सगळे 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये असते, म्हणून जागा करायच्या नादात डिस्क क्लीनअपमधून ते पुसू नका. म्हणूनच या दहा दिवसांत रोजच्या सगळ्या कामांची एकेक फेरी करा : एक बिल, एक प्रिंट, एक डिजिटल सही, एक मराठी पत्र, एक स्कॅन. महिन्यातून एकदाच लागणारे काम असेल तर तेही मुद्दाम करून पाहा.

संगणक ११ च्या अटींत बसत नाही आणि नवा घ्यायला पैसे नाहीत.

इंटरनेट, मेल, व्हिडिओ, पत्रलेखन एवढेच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे, ते फुकट आहे आणि दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपवरही चांगले चालते. मराठी टायपिंग आयबस या त्यातल्या साधनातून होते, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही. पेनड्राइव्हवरून काही न पुसता आधी चालवून पाहता येते : वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर मिळतो का. टॅली आणि बऱ्याच टोकनांसाठी मात्र विंडोजच लागते.

जुना संगणक विकायचा किंवा द्यायचा आहे.

नुसते 'डिलीट' करून देऊ नका. 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या पडद्यावर डेटा पूर्ण पुसण्याचा, म्हणजे 'क्लीन डेटा'चा पर्याय चालू करा. वेळ लागतो, लागू द्या. संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. ग्राहकांची पॅन आणि आधारची कागदपत्रे ज्यावर होती, ती डिस्क भंगारात जाता कामा नये. उरलेले यंत्र नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मोठ्या शहरांत संकलन केंद्रे मिळतात. चालू स्थितीतले असेल तर लिनक्स टाकून एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या, सोबत पासवर्डची चिठ्ठी आणि चार्जर देऊन.